न वटवलेला चेक

अमेरिकेतल्या कुठल्याही कम्युनिटी कॉलेजचं, म्हणजे कमी फीच्या स्थानिक कॉलेजचं, हिशेबाचं ऑफिस डोळ्यांसमोर आणावं. सत्र सुरू होऊन दोन-तीन आठवडे झालेले असतात. केंद्र सरकारकडून विद्यार्थ्यांच्या नावावर मदतीचे पैसे आलेले असतात, त्यातून कॉलेजनं आपली फी वळती करून घेतलेली असते आणि उरलेली रक्कम विद्यार्थ्यांच्या हाती द्यायची म्हणून चेक निघतात. समजा, तारीख आहे १० सप्टेंबर आणि त्यातला एक चेक आहे १,८४७ डॉलर्सचा. पुस्तकं, खोलीचं भाडं, बसचा पास, चार महिन्यांचा किराणा या सगळ्यासाठी हेच पैसे. दोन आठवड्यांनी, २४ सप्टेंबरला, तोच लिफाफा न फोडलेला परत टेबलावर येतो. वर टपाल खात्याचं पिवळं लेबल असतं: या पत्त्यावर ही व्यक्ती राहत नाही.

आता हा पैसा कुणाचा?

विद्यार्थ्याचा, असं उत्तर चटकन येईल. पण तो सापडत नाही. कॉलेज म्हणू शकतं की रक्कम आमच्याच खात्यात पडून आहे, तर राहू द्या. राज्य सरकार म्हणू शकतं की ज्याला धनी नाही तो पैसा सरकारजमा व्हायचा, हा जुना कायदा आहे. आणि ज्या केंद्र सरकारनं हा पैसा दिला त्याचं म्हणणं असं, की आम्ही तो शिकण्यासाठी दिला होता, शिकणाऱ्यापर्यंत पोचला नसेल तर आमचा आम्हाला परत करा.

अमेरिकेचा आजचा नियम या शेवटच्या बाजूचा आहे. लिफाफा परत आला, तर विद्यार्थ्याला शोधून पुन्हा पैसे देण्यासाठी कॉलेजला ४५ दिवस मिळतात. आपल्या उदाहरणात ही मुदत ८ नोव्हेंबरला संपते. चेक परत आला नाही, कुणाच्या तरी टेबलाच्या खणात नुसता पडून राहिला, तर निघाल्या दिवसापासून २४० दिवस, म्हणजे पुढच्या वर्षीच्या ८ मेपर्यंत वाट पाहायची. त्यानंतर पै न् पै परत. कॉलेजला एक डॉलरही ठेवून घेता येत नाही आणि राज्यालाही मागता येत नाही.

हे दोन आकडे वरवर रुक्ष वाटतात. पण त्यांच्यामागे साठ वर्षांहून अधिक काळाचा अनुभव आहे आणि त्यातला बराचसा कटू आहे. विद्यार्थ्यासाठी ठेवलेला पैसा वाटेत कुठे कुठे अडकतो, हे त्या देशानं एकेक ठेच खाऊन शिकून घेतलं.

पहिली ठेच युद्धानंतरची. २२ जून १९४४ रोजी अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ज्या कायद्यावर सही केली तो ‘जी. आय. बिल’ या नावानं ओळखला जातो. दुसरं महायुद्ध अजून संपायचं होतं, पण घरी परतणाऱ्या लाखो सैनिकांना बेकारीच्या रांगेत उभं करायचं नाही, हे ठरलं होतं. त्यांच्या शिक्षणाची फी सरकार भरणार होतं, वर्षाला ५०० डॉलर्सपर्यंत, आणि ती थेट शिक्षणसंस्थेला. सैनिकाला पोटापाण्यासाठी दरमहा ५० डॉलर्स, कुटुंब असेल तर ७५. योजना अफाट यशस्वी झाली. १९४७ साली अमेरिकी कॉलेजांत प्रवेश घेणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे माजी सैनिक होते. योजना संपेपर्यंत सुमारे ७८ लाख सैनिकांनी तिचा लाभ घेतला. त्यातले २२ लाख कॉलेज-विद्यापीठांत शिकले, बाकीचे व्यवसाय शिकवणाऱ्या संस्थांत, शेतावर किंवा कारखान्यात.

पण फी थेट संस्थेच्या हातात पडत होती आणि सैनिक वर्गात बसला की नाही, हेही संस्थाच कळवत होती. पैसा घेणारा आणि हजेरी लावणारा एकच. मग जे व्हायचं तेच झालं. बघता बघता देशभर ५,६०० हून अधिक नव्या खासगी, नफा कमावणाऱ्या शाळा निघाल्या. हौसेखातर शिकण्याच्या अभ्यासक्रमांवर सरकारी पैसा उधळला जातो आहे, हे लक्षात आल्यावर १९४८ मध्येच अमेरिकी काँग्रेसला, म्हणजे संसदेला, त्यांना लगाम घालावा लागला. गैरव्यवहार मात्र थांबले नाहीत. टेक्सासचे प्रतिनिधी ऑलिन टीग यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती बसली. टीग स्वतः युरोपच्या आघाडीवर जबर जखमी होऊन परतले होते. सैनिकांच्या नावावर कुणी पैसे खावेत हे त्यांच्या जिव्हारी लागणारं होतं. समितीला खोटी हजेरीपत्रकं सापडली, फुगवलेली बिलं सापडली, कधी वर्गात न आलेल्यांच्या नावानं वसूल केलेली फी सापडली.

त्यावरचा उपाय सरळ होता. कोरियन युद्धातल्या सैनिकांसाठी १९५२ मध्ये नवा कायदा झाला तेव्हा पैशाची वाटच बदलली. आता रक्कम संस्थेला नाही, थेट सैनिकाला मिळणार होती, एकट्याला महिना ११० डॉलर्स. त्यातून फी त्यानं स्वतः भरायची. शिवाय, ज्या अभ्यासक्रमात ८५ टक्क्यांहून अधिक विद्यार्थी सरकारी पैशावर शिकतात तिथे नवे सैनिक पाठवायचे नाहीत, असंही ठरलं. स्वतःच्या खिशातले पैसे देऊन निदान काही माणसं जिथे शिकायला येतात, तिथे काहीतरी शिकवलं जात असणार, हा त्यामागचा साधा हिशेब.

दुसरा धडा अगदी उलट्या टोकाकडून आला. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला आणि अमेरिकेला आपल्या विज्ञानशिक्षणाची चिंता वाटू लागली. पुढच्याच वर्षी राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा झाला आणि सामान्य विद्यार्थ्यांसाठी, म्हणजे सैनिक नसलेल्यांसाठीही, पहिल्यांदाच केंद्र सरकारचं कर्ज उपलब्ध झालं. व्याज अवघं तीन टक्के. कर्जाचा निधी प्रत्येक कॉलेजातच ठेवायचा, त्यात सरकारचे नऊ वाटे आणि कॉलेजचा एक. विद्यार्थ्यानं फेडलेलं कर्ज त्याच निधीत यायचं आणि पुढच्या विद्यार्थ्याला जायचं. पण या कर्जासाठी विद्यार्थ्याला प्रतिज्ञापत्र द्यावं लागे: सरकार उलथवू पाहणाऱ्या कुठल्याही संघटनेवर माझा विश्वास नाही. शिकायला मदत हवी असलेल्या गरीब मुलाचीच निष्ठा तपासायची, श्रीमंताच्या मुलाला मात्र कुणी काही विचारायचं नाही, हे अनेकांना खटकलं. १९५९ मध्ये हार्वर्ड आणि येल या योजनेतून बाहेर पडली. आणखीही कॉलेजांनी तोच मार्ग धरला. अखेर १९६२ मध्ये ही अट रद्द झाली. सरकारी मदतीचा पैसा कॉलेजकडे विश्वासानं ठेवलेला असतो आणि तो घ्यायचा की नाही, कुठल्या अटीवर घ्यायचा, याचा जाब कॉलेजलाही द्यावा लागतो, ही जाणीव त्या वादातून पक्की झाली.

मग आलं १९६५ साल. ८ नोव्हेंबरला अध्यक्ष लिंडन जॉन्सन टेक्सासमधल्या सॅन मार्कस या छोट्या गावी गेले आणि ज्या कॉलेजात ते स्वतः शिकले होते त्याच्याच व्यायामशाळेत त्यांनी उच्च शिक्षण कायद्यावर सही केली. जागेची निवड सहज झालेली नव्हती. चाळीस वर्षांपूर्वी जॉन्सन इथे आले ते उधारउसनवार करून. फरशी झाडण्यापासून रेशमी मोजे विकण्यापर्यंत डझनभर कामं त्यांनी शिकता शिकता केली. पैसे संपले तेव्हा वर्षभर शिक्षण सोडून कोटुला गावातल्या शाळेत मेक्सिकन मजुरांच्या मुलांना शिकवायला जावं लागलं. त्या दिवशीच्या भाषणात त्यांनी त्या काळाची आठवण काढली.

या कायद्याचा चौथा भाग, ज्याला अमेरिकेत सगळे ‘टायटल फोर’ म्हणतात, तो विद्यार्थ्यांच्या आर्थिक मदतीचा. गरजूंना अनुदान, बँकेच्या कर्जाला सरकारची हमी आणि शिकता शिकता काम करून कमावण्याची योजना, अशी तीन अंगं त्यात होती. आजही अमेरिकेत विद्यार्थी-मदतीच्या ऑफिसात काम करणाऱ्यांच्या तोंडी दिवसभर हाच शब्द असतो.

त्याच १९६५ सालच्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानं एक निकाल दिला होता. त्याचा शिक्षणाशी काही संबंध नव्हता, पण न वटवलेल्या चेकच्या गोष्टीत त्याला जागा आहे. सन ऑइल या कंपनीकडे सुमारे १,७३० लहान घेणेकऱ्यांचे मिळून २६,४६१ डॉलर्स ६५ सेंट पडून होते. कुणाचा पगार, कुणाची रॉयल्टी, कुणाचा लाभांश. कुणी न्यायला आलंच नव्हतं. टेक्सास म्हणालं हा पैसा आमचा, न्यू जर्सी म्हणालं आमचा, पेनसिल्व्हेनिया आणि फ्लोरिडाही वादात उतरले. बेवारस मालमत्ता राज्याकडे जाते, हा कायदा अमेरिकेनं इंग्लंडकडून घेतला होता. मध्ययुगात कूळ वारसाविना मेलं की जमीन मूळ जमीनदाराकडे परत जायची, त्याचंच हे पुढचं रूप. न्यायालयानं निर्णय दिला: ज्याचे पैसे आहेत त्याचा कंपनीच्या दप्तरात नोंदलेला शेवटचा पत्ता ज्या राज्यातला, त्या राज्याचा हक्क.

हा निकाल आला तेव्हा विद्यार्थ्यांचे चेक कुणाच्या मनातही नव्हते. पण कॉलेजांच्या हिशेब खात्यांसाठी त्यातून एक सवय घडली. न वटवलेला चेक पगाराचा असो की पुरवठादाराचा, राज्याच्या कायद्यानं ठरवलेल्या मुदतीपर्यंत सांभाळायचा आणि मग राज्याकडे पाठवून द्यायचा. पुढे विद्यार्थ्यांचे चेकही याच चाकोरीत जाऊ लागले. शिक्षणासाठी दिलेले केंद्राचे पैसे राज्याच्या तिजोरीत पोचू लागले आणि कुणाला त्यात काही वावगं वाटेना.

हे चेक वाढले १९७२ नंतर. त्या वर्षी उच्च शिक्षण कायद्यात झालेल्या दुरुस्तीनं नवं मूलभूत अनुदान आणलं. त्याचा आग्रह ऱ्होड आयलंडचे सिनेटर क्लेबोर्न पेल यांनी धरला होता आणि १९८० पासून ते ‘पेल ग्रँट’ म्हणूनच ओळखलं जातं. आधीच्या अनुदानात कुणाला किती द्यायचं हे कॉलेज ठरवायचं. पेलनी पैशाला विद्यार्थ्याच्या मागे चालायला लावलं. कुटुंबाचं उत्पन्न पाहून हक्क ठरायचा आणि विद्यार्थी ज्या कॉलेजात जाईल तिथे पैसा जायचा. पहिल्या वर्षी, १९७३-७४ मध्ये, सुमारे १,७६,००० विद्यार्थ्यांना जास्तीत जास्त ४५२ डॉलर्स मिळाले. आज ही कमाल मर्यादा वर्षाला ७,३९५ डॉलर्स आहे आणि साठ लाखांहून अधिक विद्यार्थी ती मदत घेतात. कम्युनिटी कॉलेजची फी कमी, त्यामुळे फी वजा जाता हातात बरीच रक्कम उरते. सुरुवातीला पाहिलेला १,८४७ डॉलर्सचा चेक असाच जन्माला येतो: अर्ध्या वर्षाचे पेलचे ३,६९७ डॉलर्स, त्यातून फी १,८५०.

पुण्याहून किंवा नाशिकहून स्टुडंट व्हिसावर एम. एस. करायला गेलेल्या मुलामुलींचा या पैशात वाटा नसतो. तो फक्त नागरिकांना, ग्रीनकार्डधारकांना आणि आणखी काही मोजक्यांना मिळतो. पण न्यू जर्सीत किंवा टेक्सासमध्ये स्थायिक झालेल्या मराठी घरांत मुलगी बारावीला पोचली की आईवडील याच मदतीचा अर्ज भरायला बसतात.

१९८० चं दशक उजाडलं आणि जी. आय. बिलाच्या वेळची चूक पुन्हा मान वर काढू लागली, या वेळी कर्जाच्या रूपानं. ट्रक चालवणं, केशकर्तन, संगणकावर टंकलेखन असं काही शिकवण्याच्या जाहिराती करणाऱ्या व्यवसायशाळा गरिबांच्या वस्त्यांत फिरून विद्यार्थी गोळा करू लागल्या. सरकारी हमीचं कर्ज विद्यार्थ्याच्या नावावर काढायचं, फी एकरकमी घ्यायची, आणि तो महिन्याभरात निघून गेला तरी पैसे परत करायचे नाहीत. शाळा बुडाली, तरी कर्ज त्याच्याच मानेवर. १९९० या आर्थिक वर्षात ज्यांची परतफेड सुरू झाली, त्यांपैकी २२.४ टक्के कर्जदारांची कर्जं लवकरच बुडीत निघाली. इतकं प्रमाण त्याआधी कधी नव्हतं आणि नंतरही कधी झालं नाही.

जॉर्जियाचे सिनेटर सॅम नन यांच्या उपसमितीनं १९९० मध्ये सुनावण्या घेतल्या आणि पुढच्या वर्षी अहवाल दिला. दोष एकट्या शाळांचा नव्हता. शाळांना मान्यता देणाऱ्या संस्था, कर्जाची हमी घेणाऱ्या संस्था आणि खुद्द शिक्षण खातं या साऱ्यांनी डोळ्यांवर कातडं ओढलं होतं. कुंपणानंच शेत खाल्लं होतं. १९९२ च्या दुरुस्तीत टीग यांच्या काळातला ८५ टक्क्यांचा आकडा नव्या रूपात परत आला आणि अर्ध्यावर निघून गेलेल्या विद्यार्थ्याच्या फीचा परतावा कसा काढायचा, हेही कायद्यात बसलं. १९९८ च्या दुरुस्तीनं ते सूत्र पूर्ण बदललं आणि आज चालतं ते हेच.

सूत्र असं. विद्यार्थी जितके दिवस शिकला, तितक्या दिवसांची मदत त्यानं ‘कमावली’. सत्राचा ६० टक्के काळ ओलांडला, की सगळी मदत त्याची. त्याआधी तो गेला, तर न कमावलेला भाग परत करायचा. समजा, सत्र ११० दिवसांचं आहे आणि विद्यार्थिनी ३३ व्या दिवशी सोडून गेली. आई आजारी पडली, कामाची पाळी बदलली, गाडी मोडली. कम्युनिटी कॉलेजात कारणं बहुधा अशीच असतात. म्हणजे तिनं ३० टक्के मदत कमावली. तिला ४,००० डॉलर्सचं अनुदान मिळालं असेल, तर २,८०० परत जायचे. कॉलेजची फी ३,००० असेल, तर त्याच्या ७० टक्के, म्हणजे २,१०० डॉलर्स कॉलेजनं परत करायचे. उरलेले ७०० तिच्या वाट्याचे. पण अनुदानाच्या बाबतीत कायद्यानं तिला सूट दिली आहे: परत करायची रक्कम अनुदानाच्या निम्म्याच्या आत असेल, तर तिच्याकडून काही मागायचं नाही. कॉलेजला मात्र हे सगळं ती गेल्याचं कळल्यापासून ४५ दिवसांत उरकावं लागतं.

इथे कागदावर हिशेब चोख जुळतो. पण गोष्ट इथे संपत नाही. कॉलेजनं २,१०० डॉलर्स सरकारला परत केले, म्हणजे तेवढी फी थकली. ती थकबाकी कॉलेज त्या मुलीच्याच नावावर टाकतं. आईच्या उशाशी बसलेल्या मुलीला दोन महिन्यांनी बिल जातं, मग स्मरणपत्रं, मग वसुली करणाऱ्या एजन्सीचा फोन. सरकारी तिजोरीची काळजी घेणारा नियम तिची काळजी घेत नाही. व्यवसायशाळांना आवरायला काढलेल्या या शस्त्राची धार सर्वांत जास्त लागते ती सरळमार्गी कॉलेजातल्या गरीब विद्यार्थ्यांना, आणि हा अन्याय दूर व्हायलाच हवा. तो दूर करता येतो, हे एकदा दिसलंही. मार्च २०२० मध्ये कोरोनाकाळातल्या मदतीचा ‘केअर्स’ कायदा झाला तेव्हा साथीमुळे सत्र सोडून गेलेल्यांसाठी हा परताव्याचा नियम बाजूला ठेवण्यात आला. संकट सगळ्यांवर आलं तेव्हा जे सुचलं, ते एकट्यादुकट्यावर येणाऱ्या संकटासाठीही सुचायला काय हरकत आहे?

न वटवलेल्या चेकचा प्रश्न या सगळ्यात मागे राहिला होता. त्यावर स्पष्ट शब्दांत नियम आला तो १ नोव्हेंबर २००७ रोजी, आणि १ जुलै २००८ पासून तो लागू झाला. राज्याचा कायदा काहीही म्हणो, विद्यार्थ्यापर्यंत न पोचलेला केंद्राच्या मदतीचा पैसा राज्याकडे जाणार नाही आणि कॉलेजकडेही राहणार नाही. तो जिथून आला तिथे जाईल. पेलचा असेल तर शिक्षण खात्याकडे, तेव्हा बँकांमार्फत मिळणाऱ्या कर्जाचा असेल तर बँकेकडे. ४५ आणि २४० हे आकडे तेव्हाचे. अमेरिकेत सहा महिन्यांहून जुना चेक वटवायला बँक बांधील नसते. २४० दिवस म्हणजे जवळजवळ आठ महिने. तोवर चेक तसाही शिळा झालेला असतो.

नियम वाचायला सोपा आहे, पाळायला नाही. हिशेब खात्यात बसणाऱ्याला विचारलं तर तो सांगेल की चेकवर पैसा कुठला आहे हे लिहिलेलं नसतं. एकाच चेकमध्ये पेलचे काही, कर्जाचे काही, राज्याच्या शिष्यवृत्तीचे काही आणि कॉलेजच्या स्वतःच्या देणगीतले काही डॉलर्स मिसळलेले असतात. त्यातला केंद्राचा वाटा किती, हे उलगडून काढावं लागतं. मदतीचा हिशेब एका ऑफिसात, चेक दुसऱ्या ऑफिसात, आणि जुने चेक राज्याकडे पाठवण्याचं काम आपोआप करणारी संगणकप्रणाली तिसऱ्याच ठिकाणी. मधल्या मध्ये २४० दिवस उलटून जातात. १९८४ च्या कायद्याप्रमाणे केंद्राचा पैसा मोठ्या प्रमाणावर वापरणाऱ्या संस्थांचं दरवर्षी ऑडिट होतं. ऑडिटर न वटवलेल्या चेकांची यादी मागतो, प्रत्येकाच्या तारखेपुढे बोट ठेवत जातो, आणि मुदत उलटलेले चेक तिथेच सापडतात. सार्वजनिक विद्यापीठांच्या ऑडिट अहवालांत हा शेरा वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा दिसतो.

आणखी एक काम सत्र संपल्यावर करायचं असतं. ज्यांना सगळ्याच विषयांत ‘एफ’ मिळाला आहे अशांची यादी काढायची. यातले काही खरोखर नापास झालेले असतात, पण काही कुणाला न सांगता केव्हाच निघून गेलेले असतात. हजेरी घेणं बंधनकारक नसलेल्या कॉलेजला असा विद्यार्थी कधी गेला हे माहीत नसतं, म्हणून सत्राचा मध्य धरून हिशेब करण्याची मुभा आहे. एकेका प्राध्यापकाला पत्र पाठवून विचारायचं: हा विद्यार्थी शेवटचा कधी दिसला? टीग यांच्या समितीलाही याच प्रश्नाचं खरं उत्तर हवं होतं.

चेकच्या जागी कार्ड आल्यावर वाटलं होतं की हा जाच संपेल. येलच्या विद्यार्थ्यांनी २००० साली सुरू केलेली हायर वन ही कंपनी शेकडो कॉलेजांच्या वतीनं उरलेली रक्कम डेबिट कार्डावर जमा करू लागली. पैसे पोचत होते, पण शुल्काच्या रूपानं झिरपतही होते. २०१२ मध्ये बँकांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय संस्थेनं कारवाई केली आणि सुमारे ६०,००० विद्यार्थ्यांना १ कोटी १० लाख डॉलर्स परत देण्याचं कंपनीनं मान्य केलं. त्यानंतर ऑक्टोबर २०१५ मध्ये नवे नियम निघाले: विद्यार्थ्यावर कुठल्याही विशिष्ट खात्याची सक्ती करायची नाही, पैसे त्याच्या स्वतःच्या बँकेत मागितले तर तिथे द्यायचे. २००७ चा चेकचा नियमही याच फेरीत नव्यानं मांडला गेला. ४५ आणि २४० मात्र जसेच्या तसे राहिले.

चांगली कॉलेजं हे दिवस नुसते मोजत बसत नाहीत. तिसाव्या दिवशी ईमेल, साठाव्या दिवशी फोन, नव्वदाव्या दिवशी अर्जात दिलेल्या आईवडिलांच्या पत्त्यावर पत्र, पुढच्या सत्राला नाव नोंदवताना पडद्यावर सूचना: तुमचा एक चेक आमच्याकडे आहे. नियमात यातलं काहीच सक्तीचं नाही. नियम पैसे परत केले की समाधानी असतो. पण १,८४७ डॉलर्स वॉशिंग्टनला परत गेले, तर ते ज्या खोलीच्या भाड्यासाठी होते ते भाडं थकतं. नियम पाळला गेला आणि पैशाचं कामही झालं, असं त्या मुदतीत कुणीतरी फोन उचलला तरच म्हणता येतं.

या सगळ्या कायद्याला एक अपवाद आहे. २४० दिवसांनी केंद्राची सगळी मदत परत करावी लागते, पण शिकता शिकता केलेल्या कामाचा पगार परत करायचा नसतो. ही कमाईची योजना जॉन्सन यांनीच १९६४ मध्ये आणली आणि पुढच्या वर्षी ती सॅन मार्कसच्या कायद्यात आली. ग्रंथालयात पुस्तकं लावणं, प्रयोगशाळा आवरणं, खानावळीत ताटं धुणं याचे पैसे घामाचे असतात. चेक वटला नाही, तरी ते विद्यार्थ्याचेच राहतात आणि इतर कुठल्याही पगारासारखे राज्याच्या बेवारस मालमत्तेच्या कायद्यात जातात. तिथे ते त्याच्या नावावर सांभाळून ठेवले जातात. बहुतेक राज्यांत त्यावर दावा करायला मुदत नसते. राज्यांच्या संकेतस्थळांवर नाव टाकून शोधता येतं, आणि कॉलेज सोडून कित्येक वर्षं झालेला एखादा माजी विद्यार्थी आजही ओळखपत्र दाखवून, फरशी झाडून कमावलेले आपले डॉलर्स घेऊन जाऊ शकतो.